श्रद्धा आणि सदसद्विवेक : पंडिता रमाबाईंचा वाँटेज-चेल्टनहॅम पत्रव्यवहार

एकोणिसाव्या शतकातील धर्मविषयक वादांचा इतिहास लिहिला जातो तेव्हा बहुधा दोन धर्मांमधील संघर्षच अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर असतो. एका बाजूला मिशनरी, दुसऱ्या बाजूला शास्त्री. एका बाजूला बाप्तिस्मा घेणारा तरुण, दुसऱ्या बाजूला त्याचे नाव टाकणारी जात, असे त्या इतिहासाचे ठरीव चित्र आहे. बाप्तिस्मा झाला की ही कहाणी संपली असे मानले जाते. वस्तुतः अनेकांच्या बाबतीत कहाणी तेथेच सुरू होत असे. नवा धर्म स्वीकारणाऱ्याने त्या धर्मातील नेमके काय स्वीकारले होते? संस्थापकाची शिकवण, की त्या शिकवणीवर पुढील शतकांनी उभारलेली मतप्रणाली? आणि या दोहोंत अंतर आहे असे त्याला वाटू लागले, तर ते बोलून दाखविण्याची मुभा त्याला होती काय? हे प्रश्न पंडिता रमाबाई सरस्वती यांच्या इंग्लंडमधील पत्रव्यवहारात जितक्या निर्भयपणे विचारले गेले आहेत, तितके ते त्या काळातील दुसऱ्या कोणत्याही भारतीय स्त्रीच्या लेखनात क्वचितच आढळतील.

तथापि हा वाद भारतीय भूमीला अगदीच अपरिचित होता असे नव्हे. राजा राममोहन राय यांनी १८२० मध्ये येशूची नीतिवचने निवडून एक पुस्तक कलकत्त्यात प्रसिद्ध केले. त्यातून चमत्कारांचे आणि मतप्रतिपादनाचे भाग त्यांनी वगळले होते. येशूची नीतिशिकवण हीच मनुष्याच्या उन्नतीस पुरेशी आहे, हा त्यामागील आशय सेरामपूरच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांना मानवला नाही. 'फ्रेंड ऑफ इंडिया'ने राममोहनांचा उल्लेख 'हीदन' असा केला आणि जोशुआ मार्शमन यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ वाद जुंपला. राममोहनांनी १८२० ते १८२३ या काळात ख्रिस्ती जनतेला उद्देशून तीन आवाहने लिहिली. बॅप्टिस्ट मिशनच्या छापखान्याने तिसरे आवाहन छापण्यास नकार दिल्यामुळे ते त्यांनी स्वतःच्या छापखान्यात छापून घेतले. याच सुमारास त्यांच्या सहवासातील विल्यम ॲडम या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने त्रैक्याचा सिद्धांत सोडून १८२१ मध्ये एकेश्वरवादी युनिटेरियन मत पत्करले. मूर्तिपूजकाचे मत पालटावयास आलेल्या मिशनऱ्याचेच मत पालटावे, हा प्रकार त्या काळी मोठ्या थट्टेचा विषय झाला. राममोहन मात्र ख्रिस्ती झाले नव्हते. ते चर्चच्या दाराबाहेर उभे राहून वाद घालीत होते. साठ वर्षांनंतर रमाबाईंनी जवळजवळ तोच वाद दाराच्या आत शिरून घातला, आणि हा फरक साधा नव्हे.

रमाबाईंचा तेथवरचा प्रवास सुपरिचित आहे. १८५८ मध्ये जन्मलेल्या या मुलीला वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई यांच्या घरी संस्कृत विद्या लाभली. दुष्काळाने आईवडील हिरावून नेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊ श्रीनिवास गेला. १८८० मध्ये बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी जातीबाहेर केलेला विवाह पतीच्या मृत्यूमुळे दोन वर्षांतच संपला. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक ही दोन कार्ये उभी राहिली. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या कन्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. बहिरेपणामुळे तो हेतू सिद्धीस गेला नाही. आपण धर्मांतर करणार नाही असे त्यांनी निघण्यापूर्वी सांगितले होते. परंतु वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींचे पतित स्त्रियांसाठी चाललेले सेवाकार्य त्यांनी पाहिले, नीलकंठशास्त्री तथा फादर नेहेम्या गोरे यांच्या पत्रांनी त्यांच्या कित्येक शंकांना उत्तरे दिली, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. सहप्रवासी आनंदीबाई भगत यांचा त्यापूर्वी थोड्याच दिवसांत तेथे दुःखद अंत झाला होता, हेही विसरता येत नाही.

ज्या चर्चमध्ये रमाबाईंनी प्रवेश केला, ते स्वतः त्या वेळी एकमताचे नव्हते, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी. वाँटेजच्या भगिनीमंडळाची स्थापना १८४८ मध्ये तेथील धर्मोपदेशक विल्यम बटलर यांनी केली होती. ऑक्सफर्ड चळवळीतून पुनरुज्जीवित झालेल्या उच्च अँग्लिकन परंपरेचे ते अपत्य होते. चर्च ही ख्रिस्ताने स्थापिलेली संस्था असून तिचे संस्कार, बिशपांची परंपरा आणि प्राचीन श्रद्धासूत्रे यांच्या द्वाराच सत्य माणसापर्यंत पोहोचते, हा या परंपरेचा गाभा. उलटपक्षी त्याच चर्चमधील उदार मताच्या विद्वानांनी १८६० मध्ये एक निबंधसंग्रह प्रसिद्ध करून बायबलाकडे ऐतिहासिक दृष्टीने पाहण्याचा आग्रह धरला. त्यांपैकी दोघांवर चाललेला पाखंडाचा खटला १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने फेटाळला. नातालचे बिशप कोलेन्सो यांनी १८६२ पासून मोशेच्या ग्रंथांची चिकित्सा प्रसिद्ध करावयास आरंभ केला. झुलू सहायकाने जलप्रलयाच्या कथेविषयी विचारलेल्या प्रश्नांनी या चिकित्सेला चालना दिली होती. केपटाउनच्या बिशपांनी कोलेन्सोंना पदच्युत केले, तर प्रिव्ही कौन्सिलने १८६५ मध्ये तो निर्णय निरर्थक ठरविला. ज्यांना धर्म शिकवावयाचा त्यांच्याच प्रश्नाने शिकविणाऱ्याची बैठक हलावी, हा रमाबाईंच्या बाबतीत पुढे आलेला प्रसंग असा आफ्रिकेत आधीच घडून गेला होता.

या सर्व वादांचे एक केंद्र म्हणजे अथानासियसच्या नावाने ओळखले जाणारे श्रद्धासूत्र. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या एकत्वाची अत्यंत काटेकोर व्याख्या करून, ती न मानणाऱ्याचा शाश्वत नाश होईल असे हे सूत्र बजावते. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकानुसार ते वर्षातून तेरा सणांच्या दिवशी म्हणावयाचे असे. १८७० नंतरची काही वर्षे या शापवाक्यांवरून इंग्लंडात मोठी खळबळ माजली होती. अनेक श्रद्धावंत धर्मोपदेशकांनाही ती उच्चारणे जड जात होते. तथापि सूत्र प्रार्थनापुस्तकात कायम राहिले. म्हणजे इंग्रज मनुष्य या सूत्राविषयी कुरकुर करूनही चर्चमध्ये राहू शकत होता. नव्याने आलेल्या भारतीय स्त्रीला ती सवलत मिळणार होती काय, हाच खरा प्रश्न होता.

मतभेदाची पहिली चिन्हे मात्र धर्मशास्त्रात नव्हे, तर दैनंदिन गोष्टींत दिसली. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत ही कल्पना रमाबाईंना पटली नाही. आपल्या लोकांना न कळणारी लॅटिन भाषा संस्कृतपेक्षा अधिक पवित्र कशी, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी शाकाहार सोडला नाही, तेव्हा सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला. रमाबाईंच्या दृष्टीने आहार हा श्रद्धेचा विषयच नव्हता. १८८४ मध्ये चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात राहू लागल्यावर त्यांनी तरुण इंग्रज पुरुषांना भारतीय भाषा शिकवाव्यात की नाही, यावर हिंदुस्थानातील बिशपांची मते मागविण्यात आली. लाहोरच्या बिशपांनी प्रतिकूल मत दिले. असे केल्याने मायदेशी त्यांच्या कार्याची हानी होईल, असे त्यांचे म्हणणे. आपल्या वडिलांनी आणि पतीने ज्याला कधी आक्षेप घेतला नाही, त्याला स्वातंत्र्याच्या देशातील धर्माधिकाऱ्यांनी हरकत घ्यावी, याचे रमाबाईंना आश्चर्य वाटले आणि ते त्यांनी स्पष्ट शब्दांत कळविले. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या तिन्ही प्रसंगांत एकच सूत्र आहे. श्रद्धेची मर्यादा कोठे संपते आणि संस्कृतीची व सत्तेची कोठे सुरू होते, ही रेषा आखण्याचा अधिकार कोणाचा, हा तो वाद होता.

१८८५ च्या सुमारास वाद मूळ तत्त्वांवर आला. त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, कुमारीच्या पोटी जन्म आणि देहाचे पुनरुत्थान या चारही बाबतींत रमाबाईंनी शंका उपस्थित केल्या. त्यांची पद्धत अवलोकनीय आहे. त्या नास्तिकाप्रमाणे बायबल बाजूला सारीत नाहीत. उलट बायबलाचेच प्रमाण पुढे करून, त्यात जे स्पष्टपणे सांगितलेले नाही ते तारणाची अट कसे होऊ शकते, असे त्या विचारतात. शास्त्र्याच्या घरी वाढलेल्या या विदुषीला श्रुती आणि तिच्यावरील भाष्य यांतील भेद कोणी शिकविण्याची गरज नव्हती. मूळ वचन एक सांगते आणि भाष्यकार दुसरेच लादतात, हा अनुभव त्यांनी धर्मशास्त्राच्या पोथ्यांत, विशेषतः स्त्रियांविषयीच्या नियमांत, घेतला होता. म्हणूनच चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितले एवढ्यावरून एखादे मत स्वीकारावे, हे त्यांना एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देण्यासारखे वाटले. आपल्याला स्वतःचा विवेक आहे, स्वतःची विचारशक्ती आहे आणि ती ईश्वरानेच दिली आहे, या आशयाचे त्यांचे उत्तर आज सर्वाधिक स्मरणात राहिले आहे.

सिस्टर जेराल्डिन यांची बाजू येथे न्यायाने मांडली पाहिजे. त्या असहिष्णू स्वभावाच्या होत्या असे म्हणून त्यांचा विषय निकालात काढणे सोपे आहे, पण ते यथार्थ नव्हे. बाप्तिस्म्याच्या वेळी रमाबाईंची जबाबदारी त्यांनी आध्यात्मिक मातेच्या नात्याने स्वीकारली होती. ज्याने मोक्ष मिळतो अशी त्यांची निष्ठा होती, तेच आपल्या मानसकन्येच्या हातून निसटताना त्या पाहत होत्या. आजाऱ्याच्या औषधाच्या बाबतीत वैद्य तडजोड करीत नाही, तशीच त्यांची भूमिका. श्रद्धासूत्र हे त्यांच्या दृष्टीने कोणा एकाचे मत नव्हते. शतकानुशतके असंख्य भक्तांनी तावून सुलाखून घेतलेले ते सामुदायिक ज्ञान होते, आणि एका व्यक्तीने दोन वर्षांच्या वाचनावर ते नाकारणे हा त्यांना अहंकार वाटला. परंतु त्यांच्या पत्रांतील दोष असा, की रमाबाईंच्या युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर देण्याऐवजी त्या पुष्कळदा त्यांच्या स्वभावाची चिकित्सा करू लागतात. शंका हा विचाराचा भाग न राहता नैतिक दोष ठरतो. ज्या क्षणी प्रतिपक्षाचे मत हे त्याच्या गर्वाचे लक्षण मानले जाते, त्या क्षणी संवाद संपतो आणि शिस्त सुरू होते.

चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांचा मार्ग वेगळा होता. लंडनच्या क्वीन्स कॉलेजशी त्यांचा विद्यार्थिनी आणि शिक्षिका म्हणून संबंध आला होता. त्या संस्थेच्या उभारणीत अग्रणी असलेले एफ. डी. मॉरिस यांना शाश्वत शिक्षेविषयीच्या मतांपायी १८५३ मध्ये किंग्ज कॉलेजातील अध्यापकपद गमवावे लागले होते. अशा वातावरणात घडलेल्या बील यांना शंकेची भीती वाटत नव्हती. त्या स्वतः त्रैक्य मानीत, परंतु रमाबाईंशी त्या तत्त्वचर्चा करीत, ग्रंथ सुचवीत आणि उत्तराची वाट पाहत. ही विचारी स्त्री विचारातूनच श्रद्धेपर्यंत येईल, तिला ढकलून उपयोग नाही, असे त्यांनी वाँटेजला वारंवार सुचविले. दोघीही एकाच चर्चच्या, दोघींचेही उद्दिष्ट रमाबाई सनातन ख्रिस्ती मतात स्थिर व्हाव्यात हेच. फरक होता तो केवळ वेळ देण्याच्या तयारीत. सहिष्णुता म्हणजे स्वतःचे मत सैल करणे नव्हे. दुसऱ्याला स्वतःच्या गतीने सत्याकडे येऊ देणे होय, हे बील यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

फादर गोरे यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या चित्पावन पंडिताची बुद्धीही रमाबाईंइतकीच चिकित्सक होती. शंकांनी त्यांनाही दीर्घकाळ छळले. परंतु शंकेचा उपाय म्हणून त्यांनी प्राचीन चर्चच्या अधिकाराचा आश्रय घेतला आणि उच्च अँग्लिकन परंपरेत विसावा शोधला. ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयी त्यांनी रमाबाईंसाठी प्रमाणेही मांडली. एकाच शास्त्रपरंपरेतून आलेल्या दोन बुद्धिमान व्यक्तींनी एकाच प्रश्नावर परस्परविरुद्ध वाटा धराव्यात, यावरून एक गोष्ट उघड होते : रमाबाईंचे मत हे 'हिंदू मनाचे' अपरिहार्य फलित नव्हते. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता, आणि त्याचे मूल्यमापन त्याच पातळीवर झाले पाहिजे.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे १८८७ च्या अखेरीस बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनमध्ये निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक एकत्र आले. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मोपदेशक होते. या साहाय्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढील वर्षी ते पुण्यास गेले. विधवांच्या धर्मात हस्तक्षेप होणार नाही, या हमीमुळे न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळात आले होते.

येथे इतिहासाने रमाबाईंची परीक्षा उलट दिशेने घेतली. त्यांच्या खासगी प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसू लागल्या. आपण कोणाला बोलावीत नाही, पण आलेल्याला हाकलणारही नाही, अशी रमाबाईंची भूमिका. 'केसरी'ने हल्ला चढविला. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि सुमारे पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. मुलींच्या विवेकस्वातंत्र्याचा युक्तिवाद रमाबाईंच्या पूर्वीच्या भूमिकेशी सुसंगत होता. परंतु त्या मुली वयाने लहान, आश्रित आणि त्यांच्याविषयी कृतज्ञ होत्या. वाँटेजमधील रमाबाईंपाशी जी विद्या, वय आणि स्वतंत्र उभे राहण्याची ताकद होती, ती या मुलींपाशी नव्हती. उघडे दार हे स्वातंत्र्याचे चिन्ह असते, तसेच ते प्रभावाचेही साधन असू शकते. त्याच वेळी हेही खरे, की त्या मुलींना परत नेणाऱ्या घरांनी त्यांना काय हवे आहे हे विचारले नव्हते. पालक, सुधारक, वृत्तपत्र आणि संस्थाचालिका या साऱ्यांच्या गदारोळात ज्यांच्या विवेकाविषयी वाद चालला होता, त्यांचाच आवाज सर्वांत क्षीण राहिला.

दरम्यान रमाबाईंच्या स्वतःच्या धर्मभावनेतही स्थित्यंतर घडले होते. १८९१ च्या सुमारास आलेल्या अनुभवाविषयी त्यांनी १९०७ मधील आपल्या साक्षीत लिहिले आहे. आपल्याला पूर्वी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असा त्या कथनाचा आशय. इंग्लंड-अमेरिकेत भेटलेल्या पंथोपपंथांच्या गर्दीने आपला कसा गोंधळ उडाला, हेही त्या सांगतात. एकेकाळची शंकाकुल विदुषी केडगावच्या मुक्तिसदनात भक्तिमार्गी झाली. १९०५ मध्ये तेथे आध्यात्मिक जागृतीची मोठी लाट आली. मात्र मुक्तिसदन त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या स्वाधीन केले नाही. मते पालटली, पण आपल्या आणि ईश्वराच्या मध्ये कोणा धर्माधिकाऱ्याला उभे राहू न देण्याचा हट्ट पालटला नाही.

हा हट्ट त्यांच्यानंतरही भारतीय ख्रिस्ती जीवनात वेगवेगळ्या रूपांनी प्रकट झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही स्थान दिले. बंगालमध्ये ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी वेदान्ताच्या परिभाषेत कॅथॉलिक श्रद्धा मांडण्याचा प्रयत्न केला आणि धर्माधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. टिळकांनी भक्तीचा मार्ग धरला, उपाध्यायांनी तत्त्वज्ञानाचा, रमाबाईंनी शास्त्रचिकित्सेचा. तिघांच्याही पुढे प्रश्न एकच होता : ख्रिस्त स्वीकारताना चर्चचा इतिहासही जसाच्या तसा स्वीकारलाच पाहिजे काय?

या प्रश्नाचे उत्तर वाँटेजच्या पत्रांतून मिळत नाही. दोन्ही पक्ष अखेरपर्यंत एकमेकांना पटवू शकले नाहीत. परंतु संबंधही तुटले नाहीत. ज्यांच्याशी इतका कडवा वाद झाला, त्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई 'आजीबाई' या मराठी संबोधनाने पुढेही लिहीत राहिल्या, आणि मनोरमेचाही त्यांच्याशी लोभ टिकून राहिला. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ही पत्रे जपून, संकलित करून ठेवण्याचे श्रेय सिस्टर जेराल्डिन यांच्याकडेच जाते. आपल्या उपदेशाला दिलेली परखड उत्तरे, आपल्यावर घेतलेले आक्षेप, आपल्या चर्चवरील टीका, हे सारे त्यांनी नष्ट केले नाही. १९७७ मध्ये हा पत्रव्यवहार ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला तो अ. भि. शहा यांच्या संपादनाने. ते कोणताही धर्म न मानणारे, इहवादी विचारवंत होते. श्रद्धावान भगिनीने सांभाळलेला आणि अश्रद्ध संपादकाने प्रकाशात आणलेला हा ग्रंथ आहे. मतभेद मिटविण्याइतकेच ते प्रामाणिकपणे नोंदवून ठेवणे हेही सहिष्णुतेचेच कार्य आहे. प्रतिपक्षाचे शब्द त्याच्याच भाषेत पुढील पिढीच्या हाती सोपविणे एवढे जरी एखाद्या परंपरेला साधले, तरी तिच्यात सत्याविषयी आस्था शिल्लक आहे असे मानावयास हरकत नाही.